वरून मीठ

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझा इतका राग आला की लिहायला बसले. आमच्या सिल्व्हर पार्क सोसायटीत राहणाऱ्या नोकरदारांची तपासणी होती. बीपी, साखर, वजन. त्याआधी प्रत्येकाला सवयी विचारायचं काम माझ्याकडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसमोर आम्ही मुली एवढं खोटं बोललो नसू. झोप? भरपूर. चालणं? रोज स्टेशनपर्यंत, म्हणजे रिक्षाने. तंबाखू? "छे हो काकू," आणि गालात तोबरा. मिठाचं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "वरून घेत नाही." पापड, लोणचं, फरसाण कुणी धरतच नाही.

मग शेजारच्या इमारतीत राहणारा तुझा नातू येऊन बसला. चाळिशीचा झालाय, दिवसभर खुर्चीत, पोट शर्टाच्या बटणांशी भांडतंय. "विचारा काकू," म्हणतो, मला, स्वतःच्या आईला. मी विचारलं, मीठ? "वरून अजिबात नाही." आणि तू समोर उभी राहिलीस. पालीचं आपलं स्वयंपाकघर, चुलीत खारा बांगडा भाजतोय, धूर डोळ्यांत जातोय, आणि भाकरी मोडता मोडता तू दारातल्या नर्सबाईंना ठणकावतेस, "मी वरून मीठ खात न्हाय. मला काय झालंय?" त्याच वर्षी बोंबील वाळत घालताना तू पडलीस. आधी उजवी बाजू गेली, मग बोलणं, मग तू.

त्याच्या बीपीचा आकडा बघून डॉक्टर मुलीने पट्टा पुन्हा बांधला. पुन्हा तेच. "आईच्या प्रश्नांनी चढलंय," म्हणाला. गोळी लिहून दिली तर म्हणे, "बघू." हे बघू मला पाठ आहे, तुझंच आहे. मी तिथेच सांगितलं, माझ्याकडचा रविवारचा खारा बांगडा आजपासून बंद.

"मग रविवारी येऊन करू काय?"

"ताजा मासा खा आणि माझ्यासमोर गोळी घे."

सगळ्यांदेखत रुसून गेला. संध्याकाळी फोनवर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आला, एक घर रिकामं. खाली लिहिलंय, "खूश?"

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सगळे गेल्यावर डॉक्टर मुलगी म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही बसा." मी पर्स उचलली. म्हणाले, माझं राहू दे गं, मी वरून मीठ घेत नाही.