तिसरा नमुना

प्रिय बाबा,

हाताने लिहिते आहे, कारण टाइप करताना मी वाक्यं पुसत राहते. तुमच्या निवृत्तीला अठरा दिवस उरले. निरोपाच्या पुस्तिकेत मुलीचं एक पान हवं, असं तुमच्या स्वीय सहायकांनी दोनदा कळवलं. तीन मसुदे केले. तिन्ही खरे होते आणि एकही पाठवण्यासारखा नव्हता.

त्यात मी लिहिलं होतं, की अपिलाच्या न्यायालयात गेल्यावर पहिलं वर्षभर तुम्ही घरी गप्प असायचात. खालच्या कोर्टात साक्षीदार समोर उभा राहायचा, घाम पुसायचा, खोटं बोलायच्या आधी पाणी मागायचा. वर आल्यावर नुसती कागदांची बाडं. आई म्हणायची, यांची माणसांची सवय सुटली, उद्या मलाही भाजी काय करू ते लेखी विचारायला लावतील. तुम्ही हसायचात आणि पुन्हा ओळीखाली पट्टी धरून वाचायला लागायचात. ज्याला आपण पाहिलंच नाही त्याचं आयुष्य कागदावरून ठरवायचं, तर कागदावरचं काही नजरेतून सुटता कामा नये, असं एकदा मला म्हणालात. मी सोळा वर्षांची होते. मोजमापाच्या कामात शिरायचं मी बहुधा तेव्हाच ठरवलं.

आणि ती यादी. पुढच्या महिन्याच्या सुनावण्यांची यादी घेऊन तुम्ही नाश्त्याला बसायचात. यातलं कोणी नात्यातलं, ओळखीचं, कोणाशी कामाचा संबंध? असला, तर ते प्रकरण तुम्ही दुसऱ्या न्यायाधीशांकडे सोपवायचात. आई हटकून विचारायची, माझा शिंपी आहे का हो त्यात? असेल तर आधी माझे कपडे घेऊन येते.

तीन वर्षांपूर्वीच्या एका यादीत जिना कोसळल्याचं प्रकरण होतं. दवाखान्याची नवी इमारत, दोन मृत्यू, कच्चं काँक्रीट वापरलं म्हणून बांधकामावरच्या सुपरवायझरला सात वर्षं. अपील होईपर्यंत तो जामिनावर होता. तुम्ही चष्म्यावरून पाहत मला विचारलंत, याचं काँक्रीट तपासलं त्याच प्रयोगशाळेत तू शिकाऊ होतीस ना? या कामाला हात लावला होतास? मी म्हटलं, नाही, मी मातीच्या विभागात होते. तुम्ही यादीवर खूण केलीत आणि लोणी इकडे सरकव म्हणालात.

सहा महिन्यांपैकी पाच मी मातीच्या विभागात होते. सहाव्या महिन्यात काँक्रीटच्या.

पडलेल्या जिन्यातून कापून काढलेले तीन गोल नमुने आले होते. मशीनमध्ये दाबून ते कितीला फुटतात ते मी पाहिलं. दाबाच्या मापात हवे होते किमान पंचवीस. आले १४.२, १५.१ आणि २६.४. पहिले दोन फुटल्यावर आत आडव्या सळईचे तुकडे दिसले. सळई आडवी असली की नमुना लवकर फुटतो. तो बाद करायचा आणि नवा मागवायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. धरण्याजोगा उरला तिसराच, आणि त्याचं काँक्रीट चांगलं होतं. पण तोवर जिन्याचा राडारोडा उचलून नेला होता. मी वहीत दोन्ही सळयांची नोंद केली, चित्र काढलं. अहवालात फक्त सरासरी लिहिली, १८.६. विभागप्रमुख म्हणाले होते, शेरा लिहिला की वकील तेवढाच धरून बसतात. पण तू ठरव. मला कोणी भाग पाडलं नाही, बाबा. मला पुढच्या आठवड्यात प्रशस्तिपत्र हवं होतं आणि साहेबांना नीटनेटका अहवाल आवडायचा. मी ठरवलं. खाली सही त्यांचीच झाली, म्हणून तुमच्या बाडात माझं नाव कुठेच नव्हतं.

अपील फेटाळल्यावर तुम्ही जेवताना खुशीत होतात. इतका स्वच्छ अहवाल फार दिवसांनी वाचला, म्हणालात. नंतर नव्या न्यायाधीशांच्या वर्गात तो नमुना म्हणून दाखवलात. मी त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं. ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. पहिली चूक बावीस वर्षांच्या मुलीची होती, असं मी स्वतःला समजावू शकते. नाश्त्याच्या टेबलावर मी सव्वीस वर्षांची होते. हो म्हटलं असतं, तर तिथे काय पाहिलंस, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला असतात. मी तो प्रश्न टाळला आणि तुम्ही एका माणसाला आत पाठवलंत. त्याला आता दोन वर्षं सात महिने झाले.

पुस्तिकेच्या पत्रासोबत तुमच्या दहा महत्त्वाच्या निकालांची यादी होती. चौथा जिन्याचा. त्या यादीशेजारी मुलगी म्हणून माझं पान छापलं जाणं मला जमेना. मी जुन्या प्रयोगशाळेत जाऊन माझी वही शोधली आणि सुपरवायझरच्या वकिलांना फोन केला.

काल त्यांच्या कचेरीत मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले, हा परिच्छेद वकिलांना नको होता. मी आग्रहाने ठेवला. नाहीतर तुम्हाला सगळं माहीत होतं असं लोक म्हणतील. सुपरवायझरची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, म्हणजे जजसाहेबांना ठाऊकच नव्हतं? आणि मी तीन वर्षं त्यांना शिव्या घालतेय. मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, बरं, आता तुम्हाला घालीन. मी मान हलवली.

सोमवारी प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल होईल, म्हणजे तुम्ही खुर्चीवर असतानाच. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मला फोन करू नका. तुम्ही काय बोललात ते उद्या मला शपथेवर विचारतील, आणि मी सांगेन. आईला मात्र आजच सांगा. रविवारी ती माझं ताट मांडून वाट बघेल.

तुमचीच,
धाकटी