‘मक्याच्या शेतात’ या चित्राबाबतचा खुलासा

मी, पोर्फिरी लुकिच झाव्यालोव, वय अडुसष्ट, धंदा लढायांची चित्रे काढणे, राहणार ओका नदीकाठचे झारेच्ये गाव, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी अग्लाया निकितिचना हिचे मत वेगळे आहे. पण ते गेली चाळीस वर्षे तसेच असल्यामुळे आजाराचे लक्षण धरू नये. डॉक्टर माझ्या छातीला नळी लावून "वसंतापर्यंत बघू" म्हणाले, म्हणून हा मृत्युपत्राचा कागद करीत आहे.

कलम एक. राहते घर, सफरचंदांची बाग, चहाचा समोवार व भांडीकुंडी अग्लायाची. स्टुडिओतले जुने गणवेश तिने जाळू नयेत. "अहो, त्यात उंदरांची तिसरी पिढी नांदतेय," असे ती म्हणते. चौथीही नांदू द्यावी. मुलगा ग्लेब याला लाल रंग पाहून चक्कर येते, सबब त्याला फक्त नदीची आणि ढगांची चित्रे.

कलम दोन. जनरल त्रुब्निकोव यांस माझे भिंग. तुर्कांशी लढाई संपल्यावर ते मला म्हणाले होते, "मला सगळ्यांच्या पुढे काढा, पांढऱ्या घोड्यावर." मी म्हणालो, "हुजूर, तेव्हा आपण मागच्या टेकडीवर कोंबडी खात होता. मी पाहिलेलंच काढतो." पुढची तीन वर्षे राजधानीत माझे एकही चित्र लागू दिले नाही त्यांनी. मी मात्र त्यांना चित्रात घेतले आहे. टेकडीवर आहेत, मोहरीएवढे, हातात तंगडी. भिंगातून स्वच्छ दिसतात.

कलम तीन. माझ्या घोड्यांना हाडेच नसतात असे छापणारे समीक्षक स्नेगिन यांस स्टुडिओतला घोड्याचा अख्खा सांगाडा. गाडीभाडे त्यांनी द्यावे.

कलम चार. खरे लिहायचे ते टाळता टाळता तीन कलमे झाली. आता लिहितो.

"जे पाहिले नाही ते रंगवले नाही" ही पाटी माझ्या प्रत्येक प्रदर्शनाच्या दारावर असे. तिच्यावरच मी मोठा झालो. सगळ्यांत गाजले ते ‘मक्याच्या शेतात’. शिपाई येर्मोलाय द्यात्लोव उताणा मरून पडला आहे आणि उघड्या मुठीतून सूर्यफुलाच्या बिया सांडल्या आहेत. खाली त्याचे नाव आणि गाव. चित्रापुढे बायाबापड्या रुमालाने डोळे पुसत.

ते चित्र खोटे आहे. त्या सकाळी येर्मोलायने मला बिया खायला दिल्या, मी त्याचा चेहरा वहीत उतरवला. मग तोफा सुरू झाल्या, तो मक्यात पडताना दिसला आणि मी पळालो. जिवाच्या भीतीने पळालो, परत बघायला गेलो नाही. बाकीचे मॉस्कोत शेकोटीशी बसून रंगवले.

पलटणीच्या यादीत तो बेपत्ता होता. कारकुनाने चित्र पाहिले, "झाव्यालोव खोटं काढत नाहीत" म्हणाला आणि नाव मृतांच्या यादीत नेऊन टाकले. येर्मोलाय दीड वर्षाने तुर्कांच्या कैदेतून गावी परतला, तर बायको गिरणीवाल्याच्या घरात नांदत होती आणि आई चर्चमध्ये त्याच्याच नावाने मेणबत्ती लावत होती. आई त्याला म्हणाली, "तो चित्रकार शिकलेला माणूस आहे. तू कोण?" ओळख पटल्यावर तिने त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि मग गळ्यात पडून रडली. पण सरकार काही गळ्यात पडत नाही. जमिनीचा वाटा, पेन्शन, ओळखीचे कागद, मेलेल्याला यातले काहीच मिळेना. तेव्हा तो माझ्या दारात आला, टोपी काढून म्हणाला, "मालक, मी मेलो नाही, एवढं लिहून द्या."

मी त्याला कोबीचे सार वाढले, खोली दिली, काम दिले. लिहून तेवढे दिले नाही. पाटी उतरवावी लागली असती. या गोष्टीला बावीस वर्षे झाली. काम कोणते, तर प्रेत होऊन पडण्याचे. माझ्या पुढच्या सगळ्या चित्रांतले मृत हे येर्मोलायच आहेत. एकच खोड, पडल्या पडल्या झोप लागते.

"येर्मोलाय, मेलेली माणसं घोरत नाहीत."

"मालक, त्यातलं तुम्हाला काय कळतं? आपल्या दोघांत सरकारदरबारी मेलेला मी आहे."

मी हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते. तरी जाहीर करतो की येर्मोलाय द्यात्लोव जिवंत आहे, मी खोटे रंगवले, आणि हे कलम चित्राखाली कायम टांगावे. ~~त्याला उत्तरेकडची खोली व तांबडा घोडा द्यावा.~~

इथवर आज सकाळी नोटरी रुदाकोव यांनी मोठ्याने वाचले. येर्मोलाय चुलीपाशी बसून ऐकत होता.

"झकास लिहिलंय," तो म्हणाला. "पण हे उघडणार कधी?"

"मालकांच्या पश्चात," नोटरी म्हणाले.

"म्हणजे मी जिवंत व्हायचं तर आधी मालकांनी मरायचं? मग रोज सकाळी हे खोकले की मी काय करू? खूश होऊ?"

अग्लाया म्हणाली, "अहो, दुसरा कागद घ्या. आत्ता."

कलम पाच. कलम चारची नक्कल माझ्या सहीने आजच पलटणीला आणि मॉस्कोच्या दोन वर्तमानपत्रांना रवाना झाली आहे. स्नेगिन आनंदाने नाचतील. नाचू द्यावे.

कलम चारमधील खोडाखोडीचा खुलासा असा. येर्मोलायने साक्षीदार म्हणून सही करायचा हट्ट धरला. नोटरींनी बजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीस की खोली गेली, घोडाही गेला."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "बावीस वर्षांत माझी सही कुणी मागितली नाही. आणा ती दौत."

घोडा मी आजच त्याच्या हाती दिला आहे. खोलीची किल्ली बावीस वर्षे त्याच्याच खिशात आहे. यात नोटरींनी लक्ष घालू नये.

झारेच्ये, ११ नोव्हेंबर १९०१.

(सही) पोर्फिरी लुकिच झाव्यालोव

साक्षीदार:
१. फादर इनोकेंती, गावचे पाद्री.
२. येर्मोलाय तीखोनोविच द्यात्लोव, शिपाई, हयात.