बोट जिथं पडलं

युसूफ वडगाव,
९ जानेवारी २०२३

चि. सालोमीस,
थोरल्या दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू आधी रडतेस आणि मग ऐकतेस, म्हणून हे पत्र. जीवन आणि सूनबाई उज्ज्वला सुखरूप आहेत. काल ओल्या तुरीच्या शेंगा उकडल्या, तुझी आठवण निघाली.

माझ्या छातीचं ऑपरेशन तेवीस तारखेला लातूरला ठरलं होतं. मी जाणार नाही असं घरच्यांना सांगितलं आहे. कारण फक्त तुला कळवतो. आबांची रीत तुला ठाऊक आहे. नव्या वर्षाच्या सकाळी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं, आणि बोट पडेल ते त्या वर्षाचं वचन. माझं बोट आजारी राजाच्या अध्यायावर पडलं. संदेष्टा त्याला येऊन सांगतो की घराची निरवानिरव कर, तू यातून वाचत नाहीस. मी तिथंच पुस्तक मिटलं.

तेव्हापासून एकच गोष्ट धरून बसलो आहे. भूल दिली की मी उठणार नाही, हे मला कळवलं गेलं आहे. जीवन चिडून विचारतो की दवाखान्याला कावून न्हाई म्हणता. मी थंडीचं निमित्त सांगतो. दुपारी डोळा लागला की शाळेतला माझा जुना वर्ग एका सुरात कविता म्हणताना ऐकू येतो. तो ऐकत घरच्या खाटेवरच जावं, असं वाटतं.

उरल्या दिवसांपुरता तरी लोभ असू दे.
शांतवन

माजलगाव,
१३ जानेवारी २०२३

ती. दादांस,
सालोमीचा सप्रेम सलाम वि. वि.

पत्र वाचून मी रडले न्हाई. लई राग आला.

आबांचं बोट एकदा वंशावळीवर पडलं होतं, आठवतं का? नुसती नावंच नावं. त्यातून आबांनी बैल घ्यावा असा अर्थ काढला, कारण बैल त्यांना आधीच घ्यायचा होता. आई जन्मभर त्यावरून हसली. तुम्ही मरणाला भ्यालेले होतात, म्हणून मरणाच्या ओळीवर पुस्तक मिटलंत. कविता अर्ध्यात सोडणाऱ्या पोराला तुम्हीच बाकावर उभं करायचात ना? मग पुढं वाचा. देव त्या राजाला आणखी पंधरा वर्षं देतो, आणि संदेष्टा स्वतः त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगतो. संदेष्ट्याला औषध चालतं, आमच्या गुरुजींना चालत न्हाई.

तेव्हा तुमची पंधरा वर्षं पक्की. एवढं ठासून लिहिते, कारण मलाही भ्या वाटतंय. आबा गेले, आई गेली, आता दादा म्हणायला तुम्हीच हायत.

रागावलेल्या बहिणीवर माया ठेवा.
सालोमी

युसूफ वडगाव,
१८ जानेवारी २०२३

चि. सालोमीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पुढं वाचलं. अंजीर सापडले, पंधरा वर्षंही सापडली. पण सालोमे, ती त्या राजाची आहेत. मी मरण धुंडाळत गेलो, तू आयुष्य धुंडाळत गेलीस, आणि दोघांनाही हवं ते मिळालं. आपण आबांचीच लेकरं.

मग तो अध्याय वर्गात कविता वाचावी तसा मोठ्यानं, पहिल्यापासून वाचला. मध्ये राजा भिंतीकडे तोंड करून ढसढसा रडतो. संडे स्कूलमध्ये हा अध्याय मी कितीदा शिकवला, पण राजानं धीरानं प्रार्थना केली एवढंच मला दिसायचं. विश्वासणारा माणूस भीत नसतो, असं मी आधीच धरून चाललो होतो. त्या राजाला कुणी रागावत नाही. उलट, तुझे अश्रू पाहिले, असा निरोप येतो.

मी उज्ज्वलाला हाक मारली आणि सांगितलं की मला लई भ्या वाटतं. ती जवळ बसली. म्हणाली की मामा, आमी बी भ्यालोय, पण तुमी बोलाना म्हणून आमी बी गप. भीत भीतच जाऊ. जीवन तेव्हाच गाडी सांगायला गेला.

तेवीसला जातो आहे. मी उठेन की नाही, ते त्या अध्यायात लिहिलेलं नाही. भीती गेलेली नाही, अक्षरावरून कळेलच. तू ये. आत नेण्याआधी मला रडू आलं, तर भिंतीकडे नको, तुझ्याकडे तोंड करीन.

लोभ आहेच, तो घेऊन ये.
तुझा भ्यालेला दादा,
शांतवन