तीन आठवड्यांत गाडी

४ जुलै २०१६, नेकारसुल्म

खोटं! साफ खोटं!

बत्तीस वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेली गाडी, आणि टकल्याने तिचा बोल्ट पहिल्या झटक्यात सोडवला. ना डिझेल ओतलं, ना गॅसवर तापवला, ना बोल्टाच्या आईचा उद्धार केला. लोणच्याच्या बरणीलासुद्धा ह्याहून जास्त जोर लागतो. गॅरेजवाल्याच्या घरात चाळीस वर्षं काढली मी, असा गुणी बोल्ट एकदाही पाहिला नाही.

स्वानंदी म्हणाली, "आजी, दास इस्ट फेर्नझेएन." टीव्ही आहे तो, असंच असायचं म्हणे. अकरा वर्षांची नात मला शहाणपण शिकवते, ते पण जर्मनमध्ये. मराठी सगळं कळतं तिला, जिभेवर तेवढं येत नाही.

ही वहीपण तिचीच, शाळेतली उरलेली. तुझ्यातच लिहीन. सकाळी आठला घर रिकामं होतं, मग बोलायचं कुणाशी? भिंतीशी?

७ जुलै

रोज संध्याकाळी लागतो हा कार्यक्रम. टकल्या भंगार गाडी शोधून आणतो. दाढीवाला ती दुरुस्त करतो. तीन आठवड्यांत गाडी चकाचक! मग गिऱ्हाईक येतं, हातात हात, आणि नफ्याचा आकडा पडद्यावर. भाषा कळत नाही, पण आकडे कळतात. चौथी पास आहे मी. अडीच हजाराला घेतली, तीन हजाराचे पार्ट, नऊ हजाराला विकली. साडेतीन हजार युरो नफा! आणि दाढीवाल्याची मजुरी? तो काय सासरी आलाय फुकट राबायला? जागा, वीज, रंग? कुणी धरतच नाही. असा हिशेब असता तर आमच्या ह्यांनी कराडात बंगला बांधला असता.

आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. ह्यावरूनच ओळखावं.

गुरू सहाला येतो, बूट काढतो आणि माझ्या शेजारी सोफ्यावर. इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहे माझा लेक. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या कॉम्प्युटरवर काढतो. नखं बघावीत — नवरदेवाची! मी टकल्याला बोल लावते, तो हसतो. तेवढा अर्धा तास तो माझा असतो. मग फोन वाजतो.

८ जुलै

आज रंग मारला आणि लगेच बॉनेटवर टेकून उभा राहिला मेला. पँटला रंग कसा नाही लागला?

१५ जुलै

आज मी पकडलं त्यांना!

निळी गाडी, तयार, गिऱ्हाईक खूश. दारावर वरच्या ट्यूबलाइटची सळी दिसत होती. सरळ पत्र्यावर ती सरळ दिसते. इथे मध्येच सापासारखी वळली. मी ओरडले, "गुरू, त्या दारात पुट्टी भरलीय, बोटभर! पत्रा ठोकलाच नाही!"

गुरूने टीव्ही मागे नेऊन परत पाहिला. (असं करता येतं इथे.) "आई, तुला एवढ्या लांबून कळलं?"

न कळायला काय झालं? ह्यांचे तळवे हातोडा मारून मारून चपलेच्या टाचेसारखे झाले होते. त्यांना पत्र्यातलं काही कळायचं नाही. ठोकून, घासून झालं की हाक यायची — "अगं ए, हात आण तुझा!" मी पिठाचे हात धुऊन यायची. दारावर पदर टाकायचा, डोळे मिटायचे, वरून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा पोचा तळव्याला लागतो. "लागतंय" म्हटलं की परत घासायचं. "नाही लागत" म्हटलं तरच रंग.

एकदा एका पुढाऱ्याची जीप होती. दिवाळीचा आदला दिवस, माणूस छातीवर उभा. हे मला डोळ्यांनी खुणावतायत — म्हण, नाही लागत. मी म्हटलं, लागतंय! जीप भाऊबीजेनंतर गेली. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण माझा हात खोटं सांगत नाही, हे अख्ख्या कराडला कळलं.

गुरूला हे ठाऊकच नव्हतं. तो तेव्हा क्लासला असायचा. आम्हीच धाडायचो.

१६ जुलै

गुरू जेवताना म्हणाला, "आई, आपली डुक्कर फियाट शेडमध्ये आहे ना अजून?"

आहे म्हटलं. जाते कुठे? एका डॉक्टरांच्या अंगणात सडत होती, ह्यांनी उचलून आणली. म्हणाले, ही विकायची नाही, ही आपली. हिच्यातून तुला गोव्याला नेतो. गिऱ्हाइकांची कामं संपली की तिला हात लावायचे, आणि गिऱ्हाइकांची कामं कुठे संपतात? डावं दार ठोकून झालं होतं तेवढ्यात हे गेले. नऊ वर्षं झाली. गॅरेज आता माझा पुतण्या नागेश चालवतो. गाडीवर ताडपत्री आहे.

गुरू म्हणाला, "डिसेंबरात तीन आठवड्यांची उरलाउब काढतो. मी येतो कराडला. आपण दोघं मिळून बाबांची गाडी पुरी करू!"

उरलाउब म्हणजे सुट्टी. हा शब्द मला आता पाठ आहे.

१७ जुलै

बोलायला हवं होतं मी. तीन आठवड्यांत त्या गाडीचं खालचं पान, म्हणजे बुडाचा पत्रा, तेवढा पण कापून होणार नाही, सगळं गंजाने खाल्लंय. रबरं मिळत नाहीत, काच मिळत नाही. दोन वर्षं धरावीत, ती पण रोज हात लागला तर.

सहा वर्षांत दोनदा आलाय तो. एकदा आठ दिवस, एकदा पाच. त्यातले निम्मे पुण्याला, सासरी.

तीन आठवडे!

टकल्याला मी तोंडावर खोटारडा म्हणते. लेकाला कळू दिलं नाही, की तो त्याच टकल्याचं ऐकतोय.

३० जुलै

गुरूने निळा डांगरी सूट आणला, घडीचा वास येतोय अजून. घालून आरशापुढे उभा राहिला. स्वानंदी हसून हसून लोळली.

नीलिमा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो आई, तुम्ही तरी सांगा ना त्याला. भिंतीला खिळा ठोकायला ह्या माणसाला दोन रविवार लागतात."

म्हटलं, "खिळा वेगळा गं, गाडी वेगळी."

"हो का?" म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. सून हुशार आहे. कधीकधी नको तेवढी.

दुपारी गुरूला फ्रिजच्या दारावर शिकवलं. पदराचं टोक टाकलं, त्याचा हात धरून फिरवला. डोळे मीट म्हटलं. दोनदा काही कळलं नाही. तिसऱ्यांदा थांबला — "आई, इथे! इथे काहीतरी आहे!" होताच तिथे पोचा, वाटाण्याएवढा. मऊ हात आहे त्याचा, त्याला लागतं. बापाला कधी लागलं नाही ते.

त्याचा हात धरायला मिळाला, हेही लिहून ठेवते.

१२ ऑगस्ट

विमानाची तिकिटं बघतोय. अजून काढलं नाही. मी काही विचारत नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

जवळच्या एका गावात जुन्या गाड्यांची जत्रा होती. ओल्डटायमर म्हणतात इथे त्यांना. मैदानभर गाड्या, म्हातारे खुर्च्या टाकून बसलेले, कुणी कुणाशी भांडत नाही. कसली जत्रा ही?

एक हिरवी गाडी होती. सुंदर! मला राहवलं नाही. मडगार्डवर पदर टाकला, डोळे मिटले —

"निष्ट आनफासन!!"

केवढ्याने ओरडला! हात लावायचा नाही म्हणे, पाप असतं इथे. गुरू धावत आला, एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग, माफी मागून मागून वाकला. गाडीचा मालक पंचाहत्तरीचा असेल. हात मात्र ह्यांच्यासारखे, टाचा नुसत्या.

म्हटलं, "गुरू, ह्याला सांग, दिव्याच्या मागे चार बोटं सोडून पत्रा आत गेलाय."

"आई, चल इथून."

"सांग तू!"

गुरूने मान खाली घालून सांगितलं. म्हाताऱ्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं, साडी, वर गुरूचा स्वेटर, खाली स्वानंदीचे बूट. मग खिशातून रुमाल काढला, मडगार्डवर पसरला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "गेनाऊ!" आणि टोपी काढली माझ्यासमोर. बरोबर आहे म्हणे.

मग खुर्ची दिली, कॉफी दिली. गुरूने विचारलं, गाडी पुरी करायला किती लागले? म्हणाला, एल्फ. अकरा.

"आठवडे?" गुरूने विचारलं.

"यारे!" वर्षं! दर शनिवारी, अकरा वर्षं. गुरूने टीव्हीवरच्या टकल्याचं नाव काढलं, तर म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. त्या कार्यक्रमात पाठीमागे वीस माणसं राबतात, तीन आठवडे नुसते दाखवायचे असतात, आणि गिऱ्हाईक कधीकधी आधीच ठरलेलं असतं म्हणे.

मी गुरूकडे पाहिलं नाही. कॉफीकडे पाहिलं. कडू होती.

२२ ऑगस्ट

गुरू आज टीव्ही लावायच्या आधी स्वयंपाकघरात आला.

"आई, तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? तीन आठवड्यांत होत नाही."

"होतं."

"रोज त्या कार्यक्रमाला शिव्या देतेस. मग मला का नाही बोललीस?"

मी कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले. म्हटलं, "तू विचारलं नाहीस."

तो जरा वेळ दाराला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता कळेल ह्याला. इंजिनिअर आहे, एवढं गणित सुटेल.

मग म्हणाला, "आल्झो, तर मग असं करू. नागेशलाच देऊ काम. मी पैसे पाठवतो, तो दर आठवड्याला फोटो पाठवेल. दोन वर्षं लागली तरी नीट होईल. तुलापण त्रास नाही."

सुटलं त्याचं गणित.

२३ ऑगस्ट

टीव्ही लावला नाही. निळा सूट घडी करून माळ्यावर ठेवला नीलिमाने. मग चहा केला, आल्याचा, मी न सांगता.

२४ सप्टेंबर

उद्या विमान. व्हिसाचे नव्वद दिवस संपले. स्वानंदीने गळ्यात हात टाकून काहीतरी सांगितलं, सगळं जर्मनमध्ये. एक शब्द कळला नाही. तरी मान हलवली.

३ ऑक्टोबर, कराड

नागेशने ताडपत्री काढली. खालचं पान बोट लावलं तर पापडासारखं मोडतं. नागेश म्हणाला, "काकू, काकांनी कसली धोंड गळ्यात बांधून ठेवली ही!" म्हटलं, तुझ्या नाही बांधली, फोटो काढ आणि कामाला लाग.

डाव्या दाराला मी हात लावला नाही.

२० डिसेंबर

गुरू, नीलिमा, स्वानंदी बर्फावर घसरायला डोंगरात गेलेत. फोटो आले. मी गाडीचे धाडले.

१४ जून २०१७

काच मिळाली! मुंबईहून, एका पारशाकडून. गुरूचा अंगठा आला फोनवर. नुसता अंगठा.

रविवार, ११ नोव्हेंबर २०१८

पत्र्याचं काम संपलं. दोन वर्षं लागलीच. रंग तेवढा बाकी. नागेश म्हणाला, "काकू, आता तुमचा हात." मोबाईल धरून ठेवला होता, त्यात गुरू. "आई, तू हो म्हण, की झालं!"

पदर टाकला, डोळे मिटले. ह्यांचं डावं दार, मग उजवं, मडगार्ड, बॉनेट. पाण्यावरून फिरावा तसा हात फिरला. कुठे काही नाही.

म्हटलं, "लागतंय."

नागेश बघतच राहिला माझ्याकडे. गुरू म्हणाला, "कुठे? इथून तर काहीच दिसत नाही."

म्हटलं, "तिथून दिसत नसतं ते. हात लावायला यावं लागतं."