बारा इंचांच्या आत

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
मु. भिगवण, डिसेंबर अखेर, १९९६

तीर्थरूप आप्पासाहेब यांना धाकटा भाऊ आबाजी याचा वाकून दंडवत.

इकडं सगळी मंडळी खुशाल आहे. मोरगावची ज्वारी पोटरीत आली का, शेळ्या कशा आहेत, ते सवडीनं कळवावं. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडल्याचं तुमच्या पत्रातून कळलं, फार बरं वाटलं (त्याबद्दल आणखी लिहायचं आहे, पण शेवटी लिहितो). पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे, तुमचा धाकटा भाऊ या वयात एका सैन्याचा धनी झाला आहे आणि पहिली लढाई जिंकूनही बसला आहे. हसू नका. पूर्ण वाचा, मग हसा.

आपला दादासाहेब लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात आहे, तिथं मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. जाताना त्याच्या बॅगेचं वजन जास्त भरलं, म्हणून त्यानं एक खोकं दादासाहेबाला देऊन टाकलं. मला वाटलं मिठाई असेल. उघडलं तर आत बोटाएवढे धातूचे सैनिक, रंगवलेले, दोन फौजा. एका बाजूला भालेकरी, तिरंदाज आणि घोड्यावरचा मिशीवाला सेनापती. दुसऱ्या बाजूला हिरव्या तोंडाचे, सुळे बाहेर आलेले राक्षस. सोबत फासे आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. दादासाहेब रोज पाळीवरून आल्यावर चहा पिता पिता मला एकेक नियम मराठीत सांगायचा, आणि मी त्याला रोज नवी शंका विचारायचो (त्याची आई सारजा म्हणते, शाळेत असताना एवढ्या शंका विचारल्या असत्या तर आज मीच साहेब असतो).

खेळ असा. सतरंजी म्हणजे रणांगण, पालथी पाटी म्हणजे डोंगर, शेवग्याच्या डहाळ्या म्हणजे रान. एकदा मी फौज हलवायची, एकदा समोरच्यानं. कुणी किती चालायचं ते शिंप्याच्या टेपनं मोजायचं, कोण पडला ते फाशानं ठरवायचं. पण खरी मेख पुढं आहे. पथकातली बरीच माणसं पडली की बाकीची घाबरतात, आणि फासा उलटा पडला की पाठ दाखवून पळत सुटतात. मात्र सेनापती त्यांच्यापासून बारा इंचांच्या आत उभा असला, तर त्यांना धीर येतो. बारा इंचांच्या बाहेर तो असला काय आणि नसला काय, सारखंच.

सुरुवातीला माझी फजिती झाली हे कबूल करतो. माझे तिरंदाज पळाले की माझ्या तोंडून आपोआप शीळ निघायची आणि मी हात आडवा घालून त्यांना वळवायला जायचो. दादासाहेब ओरडायचा, "आबा, मेंढरं न्हाईत ती! हात लावायचा न्हाय!" एकदा तर मी सगळी फौज ओढ्यावर पाणी पाजायला नेली (पितळेची परात ठेवली होती). तहानेचा नियम पुस्तकात नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर राक्षसांनी पाठीमागून येऊन सगळी कापून काढली.

मग एक दिवस डोक्यात लख्ख उजेड पडला. आप्पा, आपण रात्री मेंढरांभोवती वाघूर लावायचो की नाही, जाळं चारी बाजूंनी ताणून? तसे मी भालेकरी चारी बाजूंनी तोंड बाहेर करून उभे केले, मधे तिरंदाज, आणि बरोबर मध्यावर सेनापती. आता कुठल्याही बाजूनं लांडगा येऊ दे, तिथून सेनापती बारा इंचांच्या आतच. दादासाहेबानं पुस्तक चाळून पाहिलं आणि म्हणाला, हा डाव तिकडच्या लोकांनाही ठाऊक आहे. मी म्हटलं, असणारच, तिकडंही मेंढरं असतीलच की.

दिवाळीत इंदापूरला व्याह्यांकडं गेलो तेव्हा खोकं सोबत होतं. सावळारामराव म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुका कोळून प्यालेला माणूस. त्यांनी राक्षस घेतले आणि पहिल्याच डावाला विचारलं, "आबाजीराव, तुमचं भालेकरी फुटून आमच्या गटात येत्यात का बघा की." तसा नियम नाही म्हटल्यावर त्यांचं निम्मं अवसानच गेलं. तरी राक्षस चौफेर आले. माझी वाघूर दोनदा फाटायला आली, पण सेनापती मध्यावरून हलला नाही आणि माणूस एकही पळाला नाही. शेवटी पैज होती त्याप्रमाणं सावळारामरावांनी सगळ्या सोयऱ्यांसमोर स्वतःच्या हातानं आपला फेटा माझ्या डोक्याला बांधला. आप्पा, मला भरून आलं. तो फेटा मी बाजारालाही घालून जातो, सारजा काय म्हणायची ती म्हणू दे.

येत्या रविवारी सकाळी दहाला ते फेटा परत जिंकून न्यायला आमच्याकडं येत आहेत, बरोबर चारचौघे घेऊन. काळजी नसावी. फौज तयार आहे, सेनापती सुखरूप आहे.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

आपला, आबाजी (फेटेवाला)

ता. क. सेनापती सुखरूप आहे हे खरं, फक्त तो तुमच्याकडं आहे. चंपाषष्ठीनंतर देव तुमच्या घरी द्यायची यंदाची पाळी होती. सारजानं देवांचं गाठोडं बांधताना त्यालाही भंडारा लावून आत ठेवला. विचारलं तर म्हणते, "घोडा हाय, मिशा हायत, हातात तलवार हाय. मला काय ठावं?" मी सगळं घर पालथं घातलं होतं. तुमच्या पत्रात "यंदा देवांत एक नवा घोडेस्वार आलाय, फार जागृत आहे" असं वाचलं तेव्हा उलगडा झाला. तरी त्याला फडक्यात गुंडाळून शनिवारच्या आत एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवावा.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. सारजाला तुमचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. वहिनी रोज त्याला फूल वाहतात आणि आता देवळापर्यंत चालत जातात, हे ऐकून ती म्हणाली, "मग त्यास्नी उठवून आणायचं? फेटा गेला तर जाऊ द्या." आप्पा, आई गेल्यावर मला वहिनींनी वाढवलं. पाठवू नका. त्यांना काही सांगूही नका. सेनापतीचा देव झाला, अशी बढती आमच्या फौजेत आजवर कुणाला मिळालेली नाही.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. सेनापतीशिवाय वाघूर टिकणार नाही, म्हणून मी रात्रभर तळमळलो. सकाळी दादासाहेबाला, म्हणजे पंचाला, विचारलं की मोरगावात असलेला सेनापती धरता येईल का. तो म्हणाला, बारा इंच म्हणजे बारा इंच. तेवढ्यात सारजा चुलीपुढून म्हणाली, "आरं, देवाला कुठं टेप लावत्यात व्हय?" पंचानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. तसा नियम कुठं सापडला नाही, आणि आईपुढं बोलायची त्याची छाती झाली नाही. तेव्हा एवढंच करावं. रविवारी दहाला देवघरात सेनापतीचं तोंड भिगवणकडं करावं.