संघटनेपुढे मी काय बोलले

११ ऑगस्ट, सोमवार

जिंकलो! म्हणजे पोरी जिंकल्या, मी नुसती ओरडले. घसा पार बसलाय. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आजी, तो पॉइंट समोरच्यांचा होता." असू दे! व्हॉलीबॉल मला कुठे सगळा कळतो! पण आमची भिंगरी काय करते ते कळतं. आलेला बॉल बोटांवर घेते आणि जाळीजवळ अलगद वर ठेवते, पाळण्यात मूल ठेवावं तसा. मग दुसरीच कुणी उडी मारून तो हाणते, टाळ्या तिला! मी म्हटलं, हे गं काय, राबायचं तू आणि मिरवायचं तिनं? तर हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा दात दिसले नातीचे.

तिची आई म्हणजे माझी लेक. मार्चमध्ये गेली. इथे लिहिता तरी येतं, तोंडाने काढवत नाही. कुणी विचारलं की मी भलतंच काहीतरी बोलत सुटते. जावई ट्रक घेऊन लांब लांब जायचे, रिकाम्या घरात पोर एकटी, म्हणून माझ्याकडे आणली. शाळेचं शेवटचं वर्ष इथे करेल.

आजचा सामना नुसता सरावाचा होता. खरे पुढच्या महिन्यात. मी घशाला आतापासून गरम पाणी लावलंय!

१३ ऑगस्ट, बुधवार

खेळाच्या बाई घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

राज्यातल्या सगळ्या शाळांची मिळून एक संघटना आहे म्हणे. कोण खेळणार, कोण नाही, ते ती ठरवते. नुसत्या खेळांचंच नाही — गाणं, नाटक, वादविवाद, सगळ्याला नियम! (वादविवादाला नियम? आमच्या घरात तर ह्यांनी जन्मभर एक पाळला नाही.) तर नियम असा, की शाळा बदलली आणि घरचे सगळे त्या गावात आले नाहीत, तर एक वर्ष सामने बंद. भिंगरीचं तर हेच शेवटचं वर्ष.

मी चिडले. बाई म्हणाल्या, "आजी, नियम वाईट नाही हो. मोठ्या शाळा छोट्या शाळांतल्या चांगल्या पोरी उचलून न्यायच्या, छोट्यांचे संघच मोडायचे." मग म्हणाल्या, घरात दुःख झालं म्हणून शाळा बदलली असेल तर सूट मिळते. मंगळवारी संघटनेपुढे जायचं. "आजी, ते तुम्हाला एवढंच विचारतील — ही इकडे का आली. जे झालं ते सांगायचं, बस."

एवढंच ना? बोलण्यात मी कधी मागे पडलेय!

१६ ऑगस्ट, शनिवार

भिंगरीने माझ्या चपला पुसून ठेवल्यात. म्हणाली, "आजी, तिथे फार गप्पा मारू नकोस." आगाऊ कुठली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लांब टेबल. पलीकडे पाच जण, सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यातले एक सुरुवातीलाच उठून बाहेर गेले. त्यांच्या शाळेचा आमच्याशी सामना असतो, म्हणून त्यांनी निकालाला बसायचं नाही! मला फार आवडलं ते. म्हटलं, इथे न्याय होणार. अध्यक्ष पिकल्या केसांचे, चेहरा मायाळू. मला पाणी दिलं. म्हणाले, "आजी, नात तुमच्याकडे का आली?"

भिंगरी शेजारीच बसली होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना. खरंच येईना. आणि मग मी नेहमीसारखी सुटले! पोर कशी गुणी, बोटं कशी हलकी, हसते कशी. अध्यक्ष हसले, मला हुरूप आला. म्हटलं, अहो, या बाई स्वतः माझ्या घरी आल्या, म्हणाल्या, आणा हिला आमच्या शाळेत, आमच्या संघाला अशीच मुलगी हवीय!

टेबलापलीकडचे चौघेही भराभर लिहायला लागले. मला वाटलं, छाप पडली.

बाईंनी मान खाली घातली होती. भिंगरीने गुडघा बाजूला घेतला.

बाई आल्या होत्या त्या समाचाराला. लेक गेली तेव्हा. माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "आणा तिला आमच्याकडे, मुलींमध्ये मन रमेल." एवढंच. संघाला हवीय वगैरे त्या बोललेल्याच नाहीत. ते मी रंगवलं. मी काहीही सांगताना रंगवते. आमचे हे जन्मभर म्हणायचे, तुझ्या गोष्टीतला निम्मा माल तुझाच असतो.

अध्यक्ष म्हणाले, आईच्या निधनाचं अर्जात लिहिलंय, पण आजी स्वतः तर वेगळंच सांगतायत.

२० ऑगस्ट, बुधवार

वर्षभर बंदी. बाईंवरही चौकशी — दुसऱ्या शाळेतली खेळाडू ओढून आणली म्हणून.

मी जेवले नाही. भिंगरीने ताट आणून समोर ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा गेले. एकटी. तेच टेबल. आज पाणी प्यायले नाही, उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, माझी लेक मेली. मेली हो. म्हणून नात इकडे आली. बाई सांत्वनाला आल्या होत्या, बाकीचं मी पदरचं घातलं.

बोलून झाल्यावर अध्यक्षांनी स्वतः उठून खुर्ची दिली.

बाई सुटल्या. नुसती समज दिली. पण भिंगरीचा निकाल तोच राहिला. अध्यक्ष म्हणाले, "आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुमचं पहिलं बोलणं नोंदलं गेलंय. दुसऱ्या वेळी बदललेलं म्हणणं धरलं, तर उद्या प्रत्येक जण परत येऊन वेगळं सांगेल." मी पदर सावरून उठले.

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, मुलगी तिच्या जुन्या शाळेत परत गेली तर बंदी नाही. ती तिथलीच. उद्यापासून खेळू शकते.

२७ ऑगस्ट, बुधवार

भिंगरीला सांगितलं. जावयांनी आता लांबच्या फेऱ्या सोडल्यात, गावातल्या गावात गाडी चालवतात, रोज घरी असतात, हेही सांगितलं.

"नाही."

अगं पण खेळ?

"नको मला खेळ. त्या घरात आईचा टूथब्रश अजून तसाच आहे. बाबा काही हलवू देत नाहीत. मी इथेच राहणार. तुझ्याजवळ."

मग माझ्याजवळ येऊन झोपली. एवढी मोठी झाली तरी झोपेत माझं बोट धरते. मला काय वाटलं ते खरं लिहिते — आनंद झाला. राहणार म्हणाली, आनंद झाला मला.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिला खरा सामना. भिंगरी म्हणाली, बघायला तर जाऊ. संघाच्या बाकावर बसायची परवानगी नाही, संघाचे कपडेही घालायचे नाहीत. माझ्याशेजारी प्रेक्षकांत बसली. मी आज ओरडले नाही.

तिच्या जागी एक लहान चणीची मुलगी होती. बॉल कधी जाळीत, कधी पार मागे. भिंगरीचे हात मांडीवर होते. मी सामना कमी आणि ते हातच जास्त बघितले. प्रत्येक बॉलला तिची बोटं उघडत होती. चेहरा दगडासारखा, ओठ मिटलेले, आणि बोटं उघडतायत, मिटतायत. तिला ठाऊकही नव्हतं.

हरलो. त्या लहान चणीच्या मुलीला भिंगरीने जवळ घेतलं, काहीतरी समजावलं, मनगट असं धर म्हणून दाखवलं. बाई लांबून बघत होत्या. मला म्हणाल्या, "आजी, असे हात मी फार वर्षांत बघितले नाहीत."

घरी येताना म्हटलं, भूक लागली का गं? तर म्हणाली, "आजी, तू बोल ना काहीतरी. कधीची गप्प आहेस."

४ सप्टेंबर, गुरुवार

जावई रविवारी येतायत. मीच बोलावलं — भिंगरीचं सामान परत न्यायची गाडी घेऊन. तिला वाटतंय, नुसते भेटायला येतायत. मगाशी विचारत होती, बाबांना जेवायला काय करायचं.