एकच पापुद्रा

आई, आज कंपनीत नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "सर, ग्राफीन म्हणजे काय ते सोपं करून सांगा ना." गंज अडवणाऱ्या रंगात ग्राफीनचीच पूड मिसळण्याचं काम मी इतकी वर्षं करतोय, तरी सोपं करून सांगणं मला कधी जमलं नव्हतं. आज म्हणालो, "ग्राफाइट म्हणजे पापुद्र्यांची चळत. त्यातला एकच, एका अणूइतका पातळ पापुद्रा सुटा केला, की ते ग्राफीन." तिला पटलं. मला मात्र तू दिसलीस. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा उचलून तू आत तेल-मीठ भरतेयस आणि मी हात पुढे करून बसलोय.

तळवड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तू विजेच्या मोटारींचे कार्बन ब्रश घासायचीस. बोटाएवढे ग्राफाइटचे तुकडे, मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे. संध्याकाळी मोशीला घरी परत यायचीस तेव्हा बांगड्यांखालीही काळं असायचं. मी सातवीत असताना एकदा डब्यातल्या भाकरीवर तुझ्या अंगठ्याचा करडा ठसा उठला. पोरं हसली. भाकरी करपलीय असं सांगून मी डबा तसाच परत आणला आणि घरी तुझ्यावर डाफरलो, "तू हात नीट का धूत नाहीस?" तू मान वर न करता म्हणालीस, "धुते की रे. लिंबानं घासलं, राखेनं घासलं. न्हाई जात त्ये, त्याला मी काय करू?"

का जात नव्हतं, ते आता मला पाठ आहे. पापुद्र्यातला कार्बनचा प्रत्येक अणू आपल्या तीन शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. त्यातून मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी होते, आणि तेवढ्याच जाडीचं पोलाद तिच्यापुढे लेचंपेचं ठरतं. वीज, उष्णता तिच्यातून सुसाट जातात. पण एका पापुद्र्याची दुसऱ्यावरची पकड अगदी ढिली. घासलं की थर सरकतात, सुटतात आणि कातडीच्या रेघांत जाऊन बसतात. एकट्या पापुद्र्यातून तर जवळजवळ आरपार दिसतं. हे ऐकून तू म्हणाली असतीस, "मंग माझ्याच हातावर समदं काळं कसं गोळा झालं?" या विचाराने मला हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

मी डाफरलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून डब्यात पांढरीशुभ्र भाकरी यायला लागली. तू रोज विचारायचीस, "बरी हुती का आज भाकर?" मी हो म्हणायचो. तू गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, की माझ्यापुरत्या भाकऱ्या तू त्यांच्याकडून थापून घ्यायचीस, बदल्यात त्यांचं दळण आणून द्यायचीस आणि मला कळू देऊ नका म्हणायचीस.

हे मी ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय. बायकोलाही दाखवणार नाही. काकूंपुढे मी चकित झाल्यासारखं केलं. खरं तर मला पहिल्याच घासाला कळलं होतं, तू इतकी जाड भाकरी कधी केलीच नाहीस. कळूनही मी रोज हो म्हणत राहिलो. आई, तेव्हा मला तुझ्या हातची नकोच होती.